बारा आण्यांच्या खाली

सोमवार, ३० जून

अधिष्ठातासाहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आता प्रत्येक विभागप्रमुखानं दैनंदिनी लिहायची आहे. आपण कसं शिकवलं, मुलांवर त्याचा काय परिणाम झाला, वगैरे. कोणी तपासणार नाही म्हणाले. मग लिहायची कशाला, हे विचारणार होतो. पण साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि लहानांशी वाद घालायची मला सवय नाही.

तरी लिहितो आहे, ते माझ्या कामासाठी. सप्टेंबरात वैद्यकीय शिक्षकांची परिषद आहे. तिथं मी माझी आणेवारी मांडणार आहे. पस्तीस वर्षं मेडिसिन शिकवलं, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. काहीतरी मागे ठेवून जावं असं वाटतं.

पद्धत सोपी आहे. माझे वडील पटवारी होते, मोताळ्याकडच्या सात गावांचे. पीक पाहून आणेवारी लावायची, हे त्यांचं काम. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, अर्धं म्हणजे आठ. ते बांधावर उभे राहायचे, एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "सहा आणे." गावाचं अख्खं वर्ष त्या आकड्यावर ठरायचं. शेतकरी म्हणायचे, साहेब, आत तर या. वडील कधी बांधावरून खाली उतरले नाहीत. याला म्हणतात आत्मविश्वास.

तर मी वॉर्डात मुलांना तेच विचारतो. रोगी तपासला, निदान सांगितलं, ठीक. आता सांग, किती आणे खात्री? बारा किंवा वर असेल तर पुढे बोलू. बाराच्या खाली असेल तर गळ्यातला स्टेथो काढायचा, सलाइनच्या स्टँडला अडकवायचा आणि राउंड संपेपर्यंत खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभं राहायचं. ज्याला स्वतःवर बारा आणे भरवसा नाही त्यानं डॉक्टरचं जू गळ्यात मिरवू नये. रोग्यानंही बघावं कोण आहे ते.

अंतिम वर्षाची अठरा मुलं आजपासून माझ्याकडे आली. रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे रकाने आखले: निदान, आणे, बरोबर की चूक. चौदा ऑगस्टला त्यांचे टर्मचे कागद माझ्या सहीला येतील. सही नाही तर परीक्षा नाही.

बुधवार, २ जुलै

पहिला हिरा सापडला. प्रेम. वडील आणि काका दोघेही डॉक्टर. मुलगा उभा राहतो तो छाती पुढे काढून. पाच नंबरच्या खाटेवर वामनराव म्हणून साठीचे गृहस्थ आहेत, सहा दिवस ताप. प्रेमनं दोन मिनिटांत सांगितलं, "सर, टायफॉइड. सोळा आणे." आवाज वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

त्याच्यानंतर एक मुलगी. पुष्पांजली. मोताळ्याच्या पलीकडच्या खेड्यातली, बाप भाजीपाला पिकवतो. प्रवेशाच्या वेळी गुण भरपूर होते म्हणे. तिनं वीस मिनिटं लावली. रोग्याला कुशीवर वळवलं, काखेत पाहिलं, करदोटा सरकवून कमरेला पाहिलं, आणि तिथं एक काळी खपली दाखवली. म्हणाली, गवतातला बारीक किडा चावून येतो तो स्क्रब टायफस असावा.

मी विचारलं, "किती आणे?"

"नऊ, सर."

"नऊ का?"

"सर, खपली जुन्या जखमेची पण असू शकते. तपासणी आल्याशिवाय..."

तपासणी आल्यावर तर वॉर्डबॉयही सांगेल. स्टेथो स्टँडला अडकवायला लावला.

शुक्रवार, ४ जुलै

वामनरावांचा रिपोर्ट आला. स्क्रब टायफस. औषध बदललं, ताप उतरतो आहे.

रजिस्टरमध्ये लिहिलं: प्रेम, सोळा आणे, चूक. पुष्पांजली, नऊ आणे, बरोबर. नंतर बसून विचार केला. प्रेम चुकला, पण धाडसानं चुकला; असा मुलगा उद्या सुधारतो. नऊ आण्यांनी बरोबर येणं म्हणजे अंधारात दगड लागणं. परिषदेच्या तक्त्यात हे प्रकरण घेणार नाही.

मंगळवार, ८ जुलै

आज हसून हसून पुरेवाट झाली. बीबी गावच्या रुखमाबाई, वय पंच्याहत्तर, साखर वाढलेली. पुष्पांजली त्यांच्याशी बोलत होती, "आजी, रातच्याला कितीकदा उठा लागते तुमाले? अन् पाणी लय प्याशी वाटते का?" म्हातारी खुशाल गप्पा मारत होती, सुनेपासून सगळं.

मी म्हटलं, थांब. हे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पाणवठा नाही. हाच प्रश्न शुद्ध भाषेत विचार. तिनं मान खाली घालून विचारलं, "आजी, आपल्याला रात्री लघवीसाठी किती वेळा उठावं लागतं?" म्हटलं, अजून शुद्ध. ती म्हणाली, "मूत्रविसर्जनाची वारंवारता किती आहे?" रुखमाबाईंनी कानाला हात लावला. "काय म्हंते वं ही? आत्ताच त चांगली बोलून राह्यली होती!" सगळी मुलं हसली. तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा आवाजच फुटला नाही.

मग आणे विचारले. "आठ." स्टेथो स्टँडला.

रुखमाबाई सारखी विचारत होती, "पोरीले काऊन उभं ठेवलं? बस वं माये, माया खाटीवर बस." धम्मशीला सिस्टरना सांगून म्हातारीला गप्प करावं लागलं. या सिस्टर वॉर्डच्या इन्चार्ज आहेत, सव्वीस वर्षं नोकरी. कामाला चोख. फक्त पाहतात फार.

कोणी म्हणेल मी कठोर आहे. मी तिच्या जागी उभा राहिलेला आहे, हे या मुलांना माहीत नाही. तिसऱ्या वर्षाला असताना मी रोग्याला "तुमचं पोट कवापासून दुखून राह्यलं" असं विचारलं होतं. आमच्या सरांनी माझा स्टेथो घेतला आणि खिडकीतून खाली टाकला. दुसऱ्या मजल्यावरून. म्हणाले, जा, म्हशी वळ. खाली उतरून तो उचलताना रुग्णालयातली सगळी माणसं बघत होती. त्या दिवसापासून मी वऱ्हाडीचा एक शब्द तोंडातून काढलेला नाही. त्यांनी मला घडवलं. त्यांचं नाव अजूनही कुठं छापलेलं दिसलं तर माझा उजवा हात थोडा थरथरतो. आदर म्हणतात तो हाच.

गुरुवार, १७ जुलै

तक्ता छान भरतो आहे. पहिल्या आठवड्यात सहा मुलं बाराच्या खाली होती, आता एकच. बाकी सतरा जण चौदा, पंधरा, सोळा सांगतात. किती बदल! बरोबर निदानांची संख्या थोडी घटली आहे, पण पावसाळ्यात रोगी तसेच गुंतागुंतीचे येतात.

ती एकच म्हणजे कोण, हे लिहायला नको. आज नवीन गंमत. मी वॉर्डात शिरलो तर पुष्पांजलीचा स्टेथो आधीच स्टँडला अडकवलेला आणि ती पायथ्याशी हात मागे बांधून उभी. मी काही विचारलंही नव्हतं. मुलांना म्हटलं, बघा, शिस्त लागली.

राउंडनंतर धम्मशीला सिस्टर म्हणाल्या, "सर, लहान तोंडी बोलते, पण ही पोरगी आधी रोग्याशी तासतास बोलायची. ज्या गोष्टी पेशंट आमाले सांगत नाहीत त्या तिले सांगत. आता ती खाटीजवळ जायालेच भेते."

म्हटलं, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं बघा."

"हाव सर," म्हणाल्या आणि गेल्या.

बुधवार, २३ जुलै

अंतर्गत परीक्षेचे गुण लागले. प्रेम बासष्ट. पुष्पांजली चव्वेचाळीस. मागच्या वर्षी दुसऱ्या विभागात हिला एकाहत्तर होते, म्हणजे तिथं गुण उधळत असणार. तोंडी परीक्षेत तिनं सगळी उत्तरं माहीत असून दिली नाहीत, असं बाहेरचे परीक्षक म्हणाले. ओठ हलत होते म्हणे.

परिषदेसाठी याहून चांगला पुरावा नाही. आणे कमी, गुण कमी. आत्मविश्वास आणि यश यांचा संबंध इतका सरळ मी पूर्वी कुठं मांडलेला पाहिला नाही.

रविवार, २७ जुलै

सकाळी क्वार्टरच्या दारात एक माणूस उभा. चपला फाटकाबाहेर काढलेल्या, हातात भेंडी आणि दोडक्यांची पिशवी. पुष्पांजलीचे वडील, अर्जुनराव. बस बदलत आले होते.

"सायेब, पोरगी घरी आली की बोलत नाही. जेवत नाही. तिच्या मायनं इचारलं त म्हने, मले काईच येत नाही. सायेब, ते त दहावीत अख्ख्या केंद्रात पयली होती. आमचं काई चुकलं का?"

मी सांगितलं की तुमच्या मुलीत आत्मविश्वास नाही, आणि ज्याच्यात तो नाही त्याला मी डॉक्टर होऊ देणार नाही. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "आत्मविश्वास कुठी भेटते सायेब? शिकवणी लावू का?" मला हसू आलं.

भाजी मी परत नेण्यास सांगितली. माझी बायको कौशल्या, तिनं मधे येऊन पिशवी घेतली, त्यांना आत बसवलं, चहा केला, आणि दोघं वऱ्हाडीत सुरू. कौशल्या जळगाव जामोदची. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण तिची भाषा काही सुटली नाही. पाहुण्यांसमोर तिनं कमी बोलावं हे मी फार पूर्वी ठरवून दिलं आहे आणि ती ते पाळते. आज पाळलं नाही.

ते गेल्यावर म्हणाली, "त्या पोरीले काऊन छळून राह्यले तुमी?"

म्हटलं, "तुला यातलं कळत नाही."

"मले नाही कयत," ती म्हणाली. "पन मी बी तेहेतीस सालापासून पायथ्याशीच उभी हाओ."

कशाचा कशाशी संबंध जोडते कोण जाणे. कंबर दुखते म्हणून आठवडाभर खाली सतरंजीवर झोपते आहे, त्यानं चिडचिड होत असेल.

मंगळवार, ५ ऑगस्ट, दुपारी दीड

आजचा दिवस सविस्तर लिहिण्यासारखा आहे. माझी पद्धत आज पूर्ण झाली.

कौशल्या पहाटेच पोटात दुखतं म्हणून उठली. काल श्रावणी सोमवार, दिवसभर उपवास, संध्याकाळी साबुदाणा वडे. म्हणजे ॲसिडिटी. घसाही धरला म्हणाली. नऊ वाजता वॉर्डात घेऊन गेलो. औषध घरीही देता आलं असतं, पण मला एक कल्पना सुचली. तिला चार नंबरच्या खाटेवर झोपवलं आणि मुलांना सांगितलं, ही आज माझी पत्नी नाही, रोगी आहे. तपासा.

प्रेम पुढे झाला. पोट दाबलं, दोन प्रश्न, "सर, ॲसिडिटी. सोळा आणे." शाब्बास. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. कोणी सोळा, कोणी पंधरा.

शेवटी पुष्पांजली. तिला मी मुद्दाम बोलावलं, कारण ती स्टँडपाशी उभीच होती. खाटेजवळ गेली आणि पोट सोडून कौशल्याच्या चेहऱ्याकडेच बघत बसली. मग, बंदी असूनही, वऱ्हाडीत विचारलं, "काकू, रातच्याला कुठी झोपल्या होत्या? खाली?"

"हाव माय, कंबरेपायी खालीच झोपतो मी."

"डोये जड वाटते का? वर पाहा बरं माया बोटाकडे."

"लय जड वाटते वं. झोप येऊन राह्यली."

मी म्हटलं, पुरे. निदान?

तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, मण्यार."

मुलं हसली. मीही. मण्यार! न फुत्कार, न दंशाची खूण, न सूज. मी तिचे दोन्ही हात आणि पाय सगळ्यांना दाखवले. एक ओरखडा नाही. पुष्पांजली म्हणाली, "सर, मण्यारीची खूण दिसत नाही कधीकधी. झोपेत चावते, कळत नाही. सकाळी पोटच दुखतं. आमच्या गावात... पापण्या बघा ना सर, खाली येताहेत."

"पहाटेपासून पोटदुखीनं जागलेल्या माणसाच्या पापण्या खालीच येतात. किती आणे?"

"सहा, सर. पण सहा असले तरी थांबून बघायला पाहिजे. घरी नका नेऊ सर."

सहा! विभागप्रमुखाच्या बायकोला, अठरा जणांसमोर, सहा आण्यांच्या भरवशावर सापाची लस टोचा म्हणते.

आता मात्र मी ठरवलं की हिचा शेवट लावायचा. टेबलावरून टर्मच्या कागदांचा गठ्ठा मागवला, तिचा कागद वर काढला, पेनाचं टोपण उघडलं. म्हटलं, "शेवटचं विचारतो. निदान सांग आणि आणे सांग. बाराच्या खाली आलीस तर हा कागद इथंच फाडतो. मोताळ्याची बस साडेअकराला आहे."

तिनं कौशल्याच्या पापण्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. कौशल्यानं खाटेवरून तिचा हात धरलेला. मग ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "ॲसिडिटी, सर. सोळा आणे."

डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज थरथरला नाही. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मी स्वतः स्टँडवरचा स्टेथो काढून तिच्या गळ्यात घातला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. असा क्षण शिक्षकाच्या आयुष्यात दोन-तीनदाच येतो.

कौशल्याला इंजेक्शन देऊन अकरा वाजता घरी आणलं. ती दिवाणावर पडून आहे. बोलणं थोडं नाकातून येत होतं, घसा धरल्यामुळे. पाणी मागितलं, ते नाकावाटे बाहेर आलं. अर्धवट झोपेत प्यायली की ठसका लागतोच. आता शांत आहे. दोनदा हाक मारली, हूं की चूं नाही. छान झोप लागली आहे. पापण्या पुरत्या मिटलेल्या नाहीत, पण तिची झोप पूर्वीपासून सावधच.

वॉर्डातून सात फोन येऊन गेले. उचलले नाहीत. सही आजच करून द्या म्हणून मागे लागली असणार. थोडं यश मिळालं की लगेच घाई.

खिडकीतून दिसतं आहे, धम्मशीला सिस्टर आणि ती मुलगी पावसात पळत येत आहेत, मागे रुग्णवाहिका. सिस्टर पळताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. चपला रस्त्यातच राहिल्या एकीच्या. दार वाजवताहेत. वाजवू दे, एवढं वाक्य पुरं करून उठतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

सतरंजीच्या वळकटीत सापडली. हातभर लांब, काळी, अंगावर पांढरे पट्टे.

रुग्णवाहिकेतच कौशल्याचा श्वास थांबला. नळी घातली सिस्टरांनी बोलावलेल्या भूलतज्ज्ञांनी. तोवर आणि त्यानंतरही, मशीन जोडेपर्यंत, श्वासाची पिशवी पुष्पांजलीच दाबत होती. चाळीस मिनिटं. कोणी बदलायला गेलं तर हात सोडेना. लस सुरू केली, दहा बाटल्या.

मी काय करत होतो ते नीट आठवत नाही. सिस्टर म्हणतात, मी खाटेचा गज धरून "मले सोडून नोको जाऊ वं, डोये उघड ना वं" असं म्हणत होतो. हे शक्य नाही. मी तसं बोलत नाही.

एक मात्र आठवतं. मी तिला विचारलं, "वाचेल का?"

पुष्पांजली पिशवी दाबत होती. वर न बघता म्हणाली, "नऊ आणे, सर."

"सोळा म्हण."

ती पिशवी दाबत राहिली.

"सकाळी म्हणालीस ना, मग आताही म्हण. सोळा म्हण!"

"नऊच आहेत, सर," ती म्हणाली.

एका माणसाच्या समाधानासाठी एक शब्द. काय जाणार होतं तिचं?

गुरुवार, ७ ऑगस्ट

कौशल्या मशीनवर आहे. बोटसुद्धा हलत नाही, पापण्या चिकटपट्टीनं मिटवल्या आहेत. पुष्पांजली बाजूला बसून तिच्या कानाशी काहीबाही बोलत असते, "काकू, घाबरू नोका, हे विष उतरते, तुमाले समदं ऐकू येते मले मालूम हाय." मूर्खपणा. दगडाशी बोलावं तसं.

दुपारी अधिष्ठातासाहेब आले. खाटेपाशीच बोललो. त्यांना सांगितलं की मण्यारीची शंका मला सकाळीच आली होती, पण रोग्यानं माहितीच धड दिली नाही. "आमच्या हिला आयुष्यात कधी एक गोष्ट सरळ सांगता आली नाही. तेहेतीस वर्षं मीच सांभाळून घेतो आहे." साहेबांनी मान डोलावली. पुष्पांजली उठून बाहेर गेली. वडीलधारे बोलत असताना असं उठून जाणं बरं नाही.

रजिस्टर दुरुस्त केलं. पाच तारखेच्या पानावर शाई सांडली होती, ते पान काढून टाकलं. माझ्या नावाचा रकाना त्यात मुळातच नव्हता.

रविवार, १० ऑगस्ट

नळी काढली. स्वतः श्वास घेते आहे. मी म्हणालो होतोच.

परिषदेसाठी दुसरा निबंध सुचला: मण्यारदंशाचं निदान, एका शिक्षकाचा अनुभव. प्रेम टंकलेखन करून देणार आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

कौशल्याला घरी आणलं. आवाज बसलेला आहे. संध्याकाळी उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "मले समदं ऐकू येत होतं."

"काय समदं?"

"मशीनवर होती तवा. हात हालत नव्हता, डोया उघडत नव्हता, पन कान जित्ते होते. ती पोरगी बोलत होती म्हनून मी राह्यली. अन् तुमी साहेबाले काय सांगतलं ते बी ऐकलं." मग माझ्याकडे वळून, "तिनं इचारलं होतं मले, खाली झोपली होती का म्हनून. मी सांगतलं होतं. सरळच सांगतलं होतं."

गुंगीच्या औषधांनी रोग्याला भास होतात, हे मी तिला समजावून सांगितलं.

"सही करान ना तिच्या कागदावर?" तिनं विचारलं.

म्हटलं, बघतो.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सगळे अठरा कागद पाहिले. सतरांवर सह्या केल्या. प्रेमच्या कागदावर 'नेतृत्वगुण उत्तम' असा शेराही दिला.

अठरावा कागद समोर ठेवून तासभर बसलो होतो. मी निर्दय नाही. तिनं माझ्या बायकोसाठी धावपळ केली, हे मी नाकारत नाही. पण उपकाराची परतफेड गुणांनी करायची तर मग नियम कशाला? उद्या प्रत्येक मुलगा माझ्या घरच्यांची सेवा करत बसेल. आणि तक्ता खोटं बोलत नाही: पाच आठवड्यांत एकदाच ती बाराच्या वर गेली, आणि त्या दिवशी तिचं निदान चुकलं. आत्मविश्वास आला तो टिकला नाही. त्याच दुपारी पुन्हा नऊ.

शेरा लिहिला: 'आत्मविश्वास अपुरा. टर्म देता येत नाही.' कागद कार्यालयात पोचवायला धम्मशीला सिस्टरांकडे दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्यासमोर टेबलावर आपल्या बदलीचा अर्ज ठेवला. त्यांच्या हाताखालच्या सहा परिचारिकांचेही होते.

पुष्पांजली वॉर्डात आली नाही. तिचा स्टेथो मात्र पुन्हा स्टँडला अडकवलेला आहे. सफाईवाल्याला काढायला सांगितलं तर तो म्हणाला, राहू द्या सर.

शनिवार, १६ ऑगस्ट

सकाळी कौशल्यानं विचारलं, "केली का सही?" मी कारण सांगितलं, शांतपणे, सगळे मुद्दे घेऊन. ती ऐकत होती. सगळं ऐकून आत गेली आणि पिशवी भरून घेऊन आली. जळगाव जामोदची बस दहाची, पण ती आधी मोताळ्याला उतरणार आहे, त्या मुलीच्या घरी. तब्येत नाही म्हटलं, ऐकलं नाही.

दारात मी विचारलं, परत येशील ना? तेहेतीस वर्षांत हा प्रश्न विचारायची वेळ आली नव्हती. हात थोडा थरथरत होता, पाऊस असला की तसा होतो.

ती पायात चप्पल घालत होती. म्हणाली, "चार आणे."

बाराच्या खालचं उत्तर मी धरत नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं पिशवी उचलली आणि फाटक लावून घेतलं.